मुलगा पुढे, मुरुची मागे : 33व्या भागाचा डायोरामा, आतापर्यंतचं काम

महाकाय नायक अल्ट्रामॅनच्या ‘रिटर्न ऑफ अल्ट्रामॅन’ या जपानी टीव्ही मालिकेचा 33वा भाग जपानमध्ये 19 नोव्हेंबर 1971 रोजी दाखवला गेला. लेखन उएहारा शोझो, दिग्दर्शन तोजो शोहेई. कारखान्यांच्या पट्ट्यात नदीकाठी र्‍यो नावाचा एकटा मुलगा दिवसभर जमीन खणतो. त्याला सांभाळणारा म्हातारा कानायामा खरं तर परग्रहावरचा, प्रदूषित हवेनं खंगलेला. त्याचं जमिनीत पुरलेलं यान र्‍यो शोधतोय. गावातली मोठी पोरं त्याला गळ्यापर्यंत मातीत गाडतात, त्याची पेज सांडतात. शेवटी जमाव चालून येतो, पोलिसाची गोळी कानायामाला लागते आणि त्याने मानसिक शक्तीने कोंडून ठेवलेला मुरुची हा राक्षसी प्राणी बाहेर पडतो.

या भागाचा डायोरामा, म्हणजे छोट्या मापातला देखावा, म्हटलं की हात आधी मुरुचीकडे जातो, पण तो पडद्यावर येतो अगदी शेवटी आणि येतो तो माणसांच्या करणीमुळे. म्हणून या मांडणीत मुलगा मोठा, मुरुची लहान आणि दोघांच्या मधोमध जमाव. असा एकच शॉट मूळ भागात नाही. खणण्याचं आणि हल्ल्याचं दृश्य इथे एका चौकटीत आणलंय.

त्यासाठी तीन मापं (1/35 म्हणजे प्रत्यक्षाचा पस्तिसावा हिस्सा) एकत्र आणली: र्‍यो 1/35, बांधावरचा जमाव 1/150, मुरुची 1/350. बघणाऱ्याचा डोळा र्‍योपासून 300 मिमीवर धरलाय, म्हणजे प्रत्यक्षात साडेदहा मीटर. जमाव र्‍योच्या मागे 130 मिमीवर, मुरुची 280 मिमीवर. मुरुची 48 मीटर उंच, म्हणून मॉडेल 137 मिमी. डोळ्यापासून 580 मिमी अंतर, म्हणजे त्याच्या मापात सुमारे 203 मीटर. हिशोब जुळतो.

गफलत होते ती जमिनीत. डोळा र्‍योच्या जमिनीपासून 40 मिमी वर आहे, 1/35 मध्ये 1.4 मीटर. तेच 1.4 मीटर 1/350 मध्ये फक्त 4 मिमी होतात. सगळी जमीन सपाट ठेवली तर मागचा कारखाना 14 मीटर उंचीवरून बघितल्यासारखा दिसतो आणि मुरुचीचं खेळणं होतं. त्यामुळे जमीन मागे चढत न्यायची: जमावाशी 31 मिमी, मुरुचीशी 36 मिमी. नदीच्या बांधामुळे हा चढ अलगद लपतो. सगळी मांडणी बंद पेटीत आहे. तिची समोरची खिडकी 144 × 108 मिमी, म्हणजे त्या काळच्या टीव्हीचं 4:3 प्रमाण. ती र्‍योच्या 60 मिमी पुढे. तळाचा बोर्ड 400 × 400, 12 मिमी एमडीएफ. सँडिंग सीलर (लाकडाची छिद्रं बुजवणारा लेप) दोन्ही बाजूंना आणि कडांना लावायचाच. एकच बाजू सील केली तर ओल्या मातीच्या कामानंतर बोर्ड हमखास वाकतो.

पुढच्या जमिनीखाली 30 मिमी एक्सपीएस फोम (थर्माकोलसारखा, पण घट्ट) घातलाय, कारण खड्डा खाली जायला हवा. मुख्य खड्डा 20 मिमी खोल, म्हणजे 70 सेंमी. आजूबाजूला अर्धवट सोडलेले चार. उपसलेली माती सुटी होऊन फुगते, म्हणून ढीग खड्ड्याच्या सव्वापट तरी दिसला पाहिजे. चिखल: बारीक चाळणीची माती 3 भाग, फेव्हिकॉल 1, पाणी 1, त्यात रॉ अंबर (तपकिरी रंग) आणि थोडा काळा. थर 3 मिमीच्या वर गेला की सुकताना आकसून तडे पडतात. माती आधी ओव्हनमध्ये 120 अंशांवर अर्धा तास तापवायची, नाहीतर बंद पेटीत बुरशी येते. आणि कोकणातली तांबडी माती नको. नदीचा गाळ करडा-काळा असतो. तांबूस झाक आली की दृश्य थेट रत्नागिरीला जातं.

र्‍योची उंची 40 मिमी. प्रौढाची 1/35 आकृती कापूनच तो बनतो, पण डोकं लहान करायचं नाही. दहा वर्षांच्या मुलाची उंची साधारण सव्वासहा डोकी, प्रौढाची साडेसात. म्हणजे डोकं जवळपास तेवढंच राहतं. मांडी-पोटऱ्या, हात आणि खांदे कमी करायचे. सगळंच सारख्या प्रमाणात लहान केलं तर मुलगा न दिसता बुटका माणूस दिसतो. फावड्याचा दांडा 0.8 मिमी पितळी तार, पातं कोल्ड्रिंकच्या कॅनचा पत्रा.

खड्ड्याच्या काठावर दोन वस्तू आहेत. एक उलटलेलं भांडं आणि सांडलेली पेज. भाताचं शीत या मापात 0.2 मिमीच्या आत बसतं. रवा जाड पडतो, वर त्याला मुंग्या लागतात. मलमलीतून चाळलेली पांढरी रांगोळी ग्लॉस व्हार्निशमध्ये कालवून टेकवली की शितं सुटी दिसतात आणि दगडाची भुकटी असल्याने कुजत नाही. दुसरी वस्तू कागदी पिशवीतला पाव. दुकानात नाकारल्यावर बेकरीवाल्याची मुलगी तो घेऊन र्‍योच्या मागे धावत येते. दया नाही, आमचं दुकानच पावाचं, म्हणून विकतेय, एवढंच सांगते. साडेतीन मिमीचा हा तुकडा कुणाला दिसो न दिसो, तो तिथे हवाच.

जमावाला जपानी एन स्केलच्या (मॉडेल रेल्वेचं 1/150 माप) 18 आकृत्या, प्रत्येकी सुमारे 11 मिमी. सगळ्या एकाच गडद करड्या रंगात, चेहरे न रंगवता. या भागाचे लेखक उएहारा ओकिनावाचे, जन्म 1937. हा भाग आला तेव्हा ओकिनावा अजून अमेरिकेच्या ताब्यात होतं, ते 1972च्या मे महिन्यात जपानकडे परत आलं. म्हणजे जपानमध्ये ते स्वतःच परके. परक्यावर तुटून पडणारी गर्दी त्यांनी कुठल्या बाजूने पाहिली असेल, हे त्यावरून कळतं.

मुरुचीला तारेचा सांगाडा आणि इपॉक्सी पुट्टी. खवला-खवला कोरण्यात अर्थ नाही. ओल्या पुट्टीवर टाल्कम लावून मच्छरदाणीची जाळी दाबायची आणि लगेच उचलायची. टाल्कम विसरलात तर जाळीबरोबर कातडीही येते. मांडणीच्या मागच्या बाजूच्या प्रत्येक रंगात चौथा हिस्सा आभाळाचा करडा मिसळलाय, शुद्ध काळा कुठेच नाही. धुराड्यांना 6 मिमीचे कागदी स्ट्रॉ. आगीसाठी तीन नारिंगी फ्लिकर एलईडी, 5 व्होल्टवर प्रत्येकाला स्वतंत्र 220 ओहम, पुढे बटरपेपर. एकाच साखळीत जोडले तर एकाची फडफड दुसऱ्याचा करंट तोडते.

आता पाऊस. अल्ट्रामॅनची मुरुचीशी झुंज भर पावसात, कट न करता लांबलचक शॉटमध्ये घेतलीय, त्यामुळे पाऊस टाळता येत नाही. नायलॉनचे धागे दोरीसारखे दिसले, ते काढले. सध्या र्‍योच्या 45 मिमी पुढे 2 मिमी ॲक्रिलिक शीट आहे. तिच्यावर सुईने 5 मिमीचे तिरके ओरखडे आणि वरच्या कडेतून थंड पांढरी एलईडी पट्टी. कडेतून आत शिरलेला प्रकाश ओरखड्यांपाशीच बाहेर पडतो. लांबी अंदाजे नाही: थेंब सेकंदाला 8 मीटर पडतो, फिल्मची एक फ्रेम टिपली जाते त्या 1/48 सेकंदात 17 सेंमी, 1/35 मध्ये तेच 5 मिमी. ओरखडा खोल गेला की ट्यूबलाइटसारखा पेटतो. धूळ आणि बोटांचे ठसेही तसेच उजळतात, म्हणून शीट हातमोजे घालूनच बसवायची, आणि 3 अंश पुढे झुकवायची म्हणजे बघणाऱ्याचा चेहरा तिच्यात उमटत नाही.

डबक्यांतल्या पाण्यासाठी ओतायचं इपॉक्सी रेझिन बाकी आहे. पावसाळ्यात दमट हवेमुळे इपॉक्सीवर चिकट, धुरकट साय येते, तेव्हा ते कोरड्या दिवसांवर ठेवलंय: 2 मिमीचे थर, वजनावर मोजून. काठाने चढणारं रेझिन टूथपिकने लगेच पुसायचं, आणि खड्ड्यात फावडं आधी रोवून मगच ओतायचं.