आमची वाटचाल: काळसर गूळ आणि बाजाराचे नियम

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर तालुक्यातलं आमचं गुऱ्हाळ वडिलांच्या काळापासूनचं. पूर्वी गुळाचे रवे थेट अडत्याकडं जायचे आणि तिथं भाव ठरायचा रंगावर. पिवळाधमक असेल तर चढा, तांबूस-काळपट असेल तर पडेल. त्या पिवळेपणापायीच काहिलीत हायड्रॉस, म्हणजे रंग उजळवणारं गंधकयुक्त रसायन, पडायला लागलं. गंमत म्हणजे हा रंग टिकतही नाही. गोदामात राहिला की तोच गूळ पुन्हा काळवंडतो, पण तोवर अंगावेगळा झालेला असतो!

आम्ही काळसर गूळच विकायचा ठरवला आणि गिऱ्हाइकाला थेट गाठायला शेतकरी बाजारात बसू लागलो. आमच्याकडं रस साफ करायला रानभेंडीचा चिकट रस आणि जरा चुन्याची निवळी, एवढंच. मळी वर आली की काढत राहायची. काकवी साधारण १०५ अंशांला उतरते, ढेपेचा गूळ ११८ च्या आसपास. आमचा गुळव्या मात्र थर्मामीटरकडं ढुंकून बघत नाही. पाण्यात सोडलेल्या पाकाची गोळी बोटांत दाबतो आणि म्हणतो, "उतरा."

बाजारात बघतो तर ज्याच्या त्याच्या पाटीवर 'सेंद्रिय'. सेंद्रिय अन्नाच्या २०१७ च्या नियमांनी थेट विकणाऱ्या लहान उत्पादकाला प्रमाणपत्रातून सूट दिली. ती आम्हाला हवीच होती, पण तिच्या आडून मार्केट यार्डातला माल आणून विकणारेही घुसले. मग आम्ही स्टॉलवाल्यांनीच बसून नियम केले.

कागद तर लागतातच. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी नंबर, शिक्का मारलेला काटा. गुळात सल्फर डायऑक्साइड किलोमागे ७० मिलिग्रॅमच्या आत हवा, त्याचा प्रयोगशाळेचा रिपोर्ट. पण कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये आणि आजरा घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन माल कुठला ते सांगतं, फवारणी झाली की नाही ते नाही. त्यासाठी आमच्यातल्या काहींनी पीजीएस गट केला, म्हणजे शेतकऱ्यांनीच एकमेकांची हमी द्यायची पद्धत. किमान पाच शेतकरी, एकमेकांची शेतं तपासतात. जमीन रासायनिककडून सेंद्रियकडं अजून बदलाच्या काळात असेल तर 'ग्रीन', पुढं 'ऑरगॅनिक'. अधल्यामधल्याला 'ग्रीन' म्हणवून घेणं जिवावर येतं, पण पाटीवर तेच लिहायचं.

स्टॉलवर पिकवणारा किंवा त्याच्या घरचंच माणूस बसणार, हा नियम एकमतानं झाला. 'स्थानिक' कशाला म्हणायचं यावर मात्र बरीच वादावादी झाली. कुणी म्हणालं, फक्त जिल्हा. पण निपाणी कर्नाटकात असली तरी कोल्हापुरापासून चाळीसेक किलोमीटरवर, आणि चंदगड आपल्याच जिल्ह्यात असून शंभराच्या पुढं. शेवटी जिल्हा किंवा शंभर किलोमीटर, दोन्हीपैकी एक बसलं तरी चालेल असं ठरलं. चिक्कीवाल्या ताईंनी विचारलं, "मग वेलदोडा कुठनं आणू?" म्हणून तयार पदार्थात मुख्य जिन्नस इथला असावा, मसाल्याला माफी. पामतेलाला नाही. त्यावरनं एक फरसाणवाले रागानं उठून गेले, ते परत आले नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही.

यंदाचं गुऱ्हाळ दिवाळीनंतर पेटेल. शेतभेट कुणालाही खुली आहे. मळी काढताना बघायची असेल तर मात्र पहाटेच या.