तुम्ही विचारलंत म्हणून: कांगारू म्हणजे 'मला माहीत नाही' का?

ऑस्ट्रेलियात राहते म्हटलं की लग्नकार्यात कोणीतरी काका हे विचारतातच, की काय गं, कॅप्टन कुकने बोट दाखवून 'हा कुठला प्राणी' विचारलं आणि तिथला माणूस 'कांगारू' म्हणाला, म्हणजे 'मला माहीत नाही', हे खरं ना? नाही हो काका. साफ खोटं आहे, आणि मला तर त्याचा थोडा रागच येतो, कारण ज्या लोकांनी हजारो वर्षं त्या प्राण्याची शिकार केली त्यांच्याकडे त्याला नाव नसेल असं आपण किती सहज धरून चालतो.

झालं असं की जून १७७० मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी कुकचं एन्डेव्हर जहाज ग्रेट बॅरियर रीफच्या प्रवाळावर आपटलं, खाली भोक पडलं, मग आज जिथे कुकटाउन आहे तिथल्या नदीत ते दुरुस्तीला काढलं आणि सगळे जवळजवळ सात आठवडे तिथेच अडकले. तिथल्या लोकांची भाषा गुगू यिमिथिर. त्यांच्याकडून ऐकलेला शब्द कुकने आणि सोबतच्या निसर्गशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सने डायरीत लिहिला. मूळ शब्द 'गङुरू' (वाङ्मयातला ङ, शाळेनंतर पहिल्यांदाच कामी आला), आणि तो सगळ्या कांगारूंचा नाही, एका मोठ्या जातीचाच. बाकीच्यांना वेगळी नावं होती, ती इंग्रजांनी विचारली नाहीत.

मग घोळ कुठे झाला? १८२० मध्ये ब्रिटिश नौदलाचा फिलिप किंग त्याच नदीवर गेला आणि त्याला भलताच शब्द मिळाला, 'मिन्हा'सारखा काहीतरी. तो खायच्या कुठल्याही जनावराला म्हणतात, म्हणजे बकऱ्याकडे बोट दाखवल्यावर कोणी 'मटण' म्हणावं तसं. पण लोकांनी निष्कर्ष काढला की कुकच चुकला, आणि त्यातूनच 'मला माहीत नाही'ची गोष्ट पसरली. थेट १९७० च्या दशकात जॉन हॅविलंड नावाचा भाषाशास्त्रज्ञ तिथे जाऊन ती भाषा शिकला तेव्हा गङुरू तिथेच होता, रोजच्या बोलण्यात.

खरी गंमत सिडनीची आहे. १७८८ मध्ये इंग्रज तिथे वस्ती करायला आले ते कुकचा हा शब्द घेऊनच, आणि तिथल्या लोकांशी बोलताना तो वापरायला लागले. पण सिडनी कुकटाउनपासून दोन हजार किलोमीटर लांब, भाषा पूर्ण वेगळी, त्यांचा शब्द 'पाटागरांग'. कांगारू हा त्यांच्यासाठी गोऱ्यांचाच शब्द! वॉटकिन टेंच या अधिकाऱ्याने लिहून ठेवलंय की जहाजातून आणलेल्या गाई कोलबीला, म्हणजे तिथल्याच एका माणसाला, दाखवल्या तर तो विचारतो, हे कांगारू का?

कोआला, वॉम्बट, वॉलबी, डिंगो हे मात्र सिडनीकडचेच शब्द. आणि हो, इंग्रजीतला मुंगूस आपल्याकडून गेलाय, मराठीतून.