कांदा आधी, अंडं नंतर

"घरात काहीच नाहीये, अंडी करू या," असं म्हणणाऱ्याने घरात कांदे आहेत हे मनातल्या मनात धरलेलं असतं. कांदे नसले की अंड्याचं काय करायचं, हा प्रश्नच पडतो. उकडा, मीठ-मिरपूड भुरभुरवा आणि गपचूप खा. आपल्याकडे ज्याला अंड्याचा पदार्थ म्हणतात तो खरं तर कांद्याचा पदार्थ असतो. अंडं त्यात शेवटच्या दोन मिनिटांत येतं आणि सगळं श्रेय घेऊन जातं. ऑफिसात असे लोक असतात, त्यांच्याबद्दल पुन्हा केव्हातरी.

बुर्जीचंच बघा. पाच मिनिटांत बुर्जी होते असं सगळे सांगतात. पाच मिनिटांत जी होते ती पिवळट, कचकचीत आणि ताटाच्या कडेला पाणी सुटलेली. बुर्जीला माझ्या हिशेबाने पंचवीस मिनिटं लागतात आणि त्यातली बावीस-तेवीस कांद्याची. चार अंड्यांना तीन मध्यम कांदे, शक्य तितके बारीक चिरलेले. तेल जरा सढळ हाताने. कांद्यावर मीठ लगेच घालायचं, म्हणजे त्याचं पाणी लवकर सुटतं आणि लवकर आटतंही. हिरवी मिरची कांद्याबरोबरच टाकली तर तिखटपणा तेलात उतरतो आणि सगळीकडे सारखा लागतो. मागाहून टाकली तर एखाद्याच घासाला ठसका बसतो. कांदा आधी पारदर्शक होतो. बहुतेक जण इथेच थांबून टोमॅटो ढकलतात. थांबू नये. अजून थोडा वेळ मध्यम आचेवर परतत राहिलं की कडा तांबूस होतात, कच्चा उग्र वास जातो आणि शेजारच्या खोलीतून कुणीतरी "काय करताय?" असं विचारतं. मग आलं-लसूण, मग एकच टोमॅटो आणि तो पार गळून तेल सुटेपर्यंत परतायचा. हळद, लाल तिखट, आवडत असेल तर चिमूटभर पावभाजी मसाला. इथवर आलेला हा मसाला नुसता पोळीला लावून खाल्ला तरी चालतो. चालत नसेल तर अंडी फोडूच नयेत, कारण अंडं चुकलेला मसाला दुरुस्त करत नाही.

आता अंडी. फेटून घातली तर बुर्जी एकसारखी पिवळी होते. थेट कढईत फोडली, अर्धा मिनिट हात न लावता ठेवली आणि मग मोठे मोठे हात मारून फिरवली, तर पांढरे-पिवळे तुकडे वेगळे दिसतात, वेगळे लागतात. मी दुसऱ्या पक्षाचा. पण दोन्ही पक्षांना एक नियम सारखाच लागू आहे: बुर्जी थोडी ओलसर दिसत असतानाच गॅस बंद करायचा. अंड्यातला पांढरा भाग साठ-पासष्ट अंशांच्या आसपास घट्ट व्हायला लागतो, पिवळा बलक त्याच्या थोडं पुढे. पाणी उकळायला लागतं त्याच्या कितीतरी आधीच अंड्याचं काम झालेलं असतं. पुढे आच देत राहिलं की त्यातली प्रथिनं आवळत जातात आणि आपल्यातलं पाणी बाहेर पिळून काढतात. ताटाच्या कडेचं ते पाणी म्हणजे हेच, आणि दोष मात्र बिचाऱ्या टोमॅटोला जातो. गॅस बंद केल्यावरही कढईच्या अंगात पुरेशी धग असते, तेवढ्यात राहिलेलं होऊन जातं. वर कोथिंबीर. लिंबू ताटात.

गाडीवरची बुर्जी घरी का जमत नाही, यावर मोठमोठ्या चर्चा होतात. कुणी म्हणतं बटर, कुणी म्हणतं मोठा लोखंडी तवा, कुणी म्हणतं उघड्यावरची धूळ. मला वाटतं उत्तर तव्याच्या कडेला आहे. एखाद्या संध्याकाळी गर्दी नसताना बुर्जीवाल्याच्या समोर नुसतं उभं राहून बघा. कांदा-टोमॅटोचा परतलेला ढीग त्याने तव्याच्या कडेला सरकवून ठेवलेला असतो. गिऱ्हाईक आलं की त्यातला एक उलथणंभर मसाला मधोमध ओढायचा, त्यावर दोन अंडी, खडखडाट आणि प्लेट. उरलेला ढीग कडेलाच, मंद धगीवर, रात्रीपर्यंत. म्हणजे साडेनऊला आलेल्या माणसाच्या वाट्याला दोन-तीन तास मुरलेला कांदा येतो. घरी आपण त्याला दहा मिनिटं देतो आणि मग म्हणतो की त्यांच्या मसाल्यात काहीतरी असतं. बाकी तो उलथण्याचा खडखडाट पाककृतीचा भाग आहे असं मला वाटत नाही, ती जाहिरात आहे. उत्तम जाहिरात आहे.

उकडलेल्या अंड्यांच्या रश्श्याबद्दल माझं मत फारसं बरं नाही. रस्सा झणझणीत आणि अंडं आतून अलिप्त, असा तो प्रकार असतो. चिरा देऊन, हळद-तिखट लावून अंडी आधी तेलात परतून घेतली तर थोडी सलगी होते, एवढंच. त्यापेक्षा अंडी फोडून केलेला रस्सा करून बघा. सातारा-कोल्हापूरकडे हा घरोघरी होतो, आणि हॉटेलच्या मेनूकार्डावर फार क्वचित दिसतो. कारण उघड आहे, तो आधी करून ठेवता येत नाही.

कांदा आणि सुकं खोबरं भाजून, आलं-लसूण-कोथिंबीर घालून वाटण करायचं. कांदा थेट गॅसवर सालासकट भाजला तर फारच उत्तम, मग काळं साल काढून टाकायचं. तेलात वाटण परतायचं, कांदा-लसूण मसाला घालायचा, गरम पाणी ओतायचं आणि तर्री वर येईपर्यंत उकळू द्यायचं. रस्सा नेहमीपेक्षा थोडा पातळच ठेवायचा. आता आच अगदी बारीक करायची. उकळी पूर्ण बसली पाहिजे, नाहीतर सगळा खेळ बिघडतो. एकेक अंडं वाटीत फोडायचं, वाटी रश्श्याला टेकवायची आणि अंडं अलगद सोडायचं. एक इथे, एक तिथे, एकमेकांना चिकटणार नाहीत असं. पांढरा भाग आधी चिंध्यांसारखा पसरतो आणि वाटतं की बिघडलं सगळं. ढवळायचा मोह होतो. हात मागे बांधायचे आणि झाकण ठेवायचं. चार-पाच मिनिटांनी झाकण काढलं की त्या चिंध्या गोळा होऊन, मध्ये पिवळा फुगवटा घेऊन बसलेल्या असतात आणि प्रत्येकीच्या घडीत रस्सा शिरलेला असतो. तर्री अंड्यांच्या पाठीवर जमलेली. डावाने खालून उचलून ताटात घ्यायचं, भाकरीचा तुकडा मधोमध खुपसायचा आणि पिवळा बलक रश्श्यात वाहू द्यायचा. घट्ट बलक आवडणाऱ्यांसाठी झाकण आणखी तीन मिनिटं. त्या लोकांशी मी वाद घालत नाही, पण त्यांना शेवटी वाढतो.

हीच अक्कल पारशी मंडळींनी केव्हाच ओळखली आणि तिचं पार शास्त्र केलं. त्यांच्याकडे एक 'पर ईडू' नावाचं घराणंच आहे. कांद्यावर परतलेली भेंडी घ्या, भाजीत खळगे करा, त्यात अंडी फोडा, झाकण ठेवा, झालं भिंडा पर ईडू. टोमॅटोवर केलं की टमाटा पर ईडू. बटाट्यावर केलं की पपेटा पर ईडू. बटाट्याच्या बारीक तळलेल्या काड्यांवर केलं की सली पर ईडू. कुठल्याही भाजीवर अंडं फोडता येतं हे तत्त्व एकदा पटलं की फ्रीजमधल्या उरलेल्या भाज्यांकडे बघायची दृष्टी बदलते. मेथीची परतलेली भाजी, कांद्याची पात, सिमला मिरची, सगळ्यांवर अंडं बसतं. दुधी भोपळ्यावर बसत नाही. दुधीवर काहीच बसत नाही. पारशांची अकुरी म्हणजे आपल्या बुर्जीची निवांत बहीण, मंद आचेवर केलेली, मऊसर, जवळजवळ ओघळणारी. भरुची अकुरीत तर सुकामेवा घालतात. तो खाल्ल्यावर मी काही वेळ गप्प होतो. अजून मत बनलेलं नाही.

अंड्यांच्या खरेदीबद्दल थोडं, कारण त्यावरही लोक उगाच भावनिक होतात. कवच तपकिरी आहे की पांढरं हे कोंबडीच्या जातीवर ठरतं, आणि बलक किती केशरी हे तिने काय खाल्लं त्यावर. गावरान अंडं चवीला चांगलं लागतं असं म्हणणाऱ्यांना मी विरोध करत नाही, पण तिखट बुर्जीत त्याचे पैसे वाया जातात. ते हाफ फ्रायला ठेवावं. ताजेपणा बघायला पाण्यात टाकावं. अंडं जुनं होतं तसं आतलं पाणी कवचाच्या बारीक छिद्रांतून उडत जातं, हवेची पोकळी वाढते आणि शेवटी ते तरंगतं. तरंगलं की टाकून द्यावं. मात्र उकडायला चार-आठ दिवसांचं अंडंच बरं, अगदी ताज्याचं साल सोलताना अर्ध अंडं सालाबरोबर जातं. उकळत्या पाण्यात हळूच सोडून नऊ-दहा मिनिटं पुरतात. त्याहून जास्त ठेवलं की पांढऱ्यातलं गंधक आणि पिवळ्यातलं लोह एकत्र येऊन बलकाभोवती ती हिरवट-काळी कड धरते. डब्यातलं अंडं उघडल्यावर सगळ्या ऑफिसला जे कळतं, ते त्यामुळेच.

भावाचं गणितही पुण्याशी जोडलेलं आहे. 1982 मध्ये पुण्याच्या डॉ. बी. व्ही. राव यांच्या पुढाकाराने पोल्ट्रीवाले एकत्र आले आणि नॅशनल एग कोऑर्डिनेशन कमिटी उभी राहिली. तोवर भाव व्यापारी ठरवायचे, नंतर उत्पादकच शेकड्याचा दर जाहीर करू लागले. दूरदर्शनवरची रविवार-सोमवारचं यमक जुळवणारी ती जाहिरात याच कमिटीची. श्रावणात आपल्याकडे मागणी बसते आणि दर उतरतो, थंडीत चढतो. म्हणजे अंडी सगळ्यात स्वस्त असतात तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राने ती सोडलेली असतात. न पाळणाऱ्यांनी याचा मूकपणे लाभ घ्यावा आणि सोसायटीत फोडणीचा वास जरा जपून सोडावा.

आम्लेटमध्ये मात्र कांदा कच्चाच जातो, तिथे माझा सिद्धांत अडखळतो. तो इतका बारीक हवा की उलटताना आम्लेट फाटू नये. एवढं सांभाळलं की बाकी आम्लेट कुणालाही येतं.

पण गोव्याच्या गाड्यांवर आम्लेटलाही कांद्याची मेहनत मिळते, फक्त वरून. पणजी-मडगावला संध्याकाळी गाडे लागतात, तिथलं रोस आम्लेट हे प्रकरण खाल्ल्याशिवाय कळत नाही. भाजलेलं खोबरं, कांदा आणि मसाल्यांचा शाकुतीचा दाट रस आम्लेटवर डावभर ओततात, इतका की आम्लेट दिसेनासं होतं. वर कच्चा कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड आणि सोबत पाव. त्या रसात कुणाच्या गाड्यावर चिकन असतं, कुणाच्या चणे.

घरी यासाठी शाकुती करत बसण्याची गरज नाही. रविवारी कोंबडीचा रस्सा झाला की त्यातला दाट भाग सोमवारी सकाळी गरम करून साध्या दोन अंड्यांच्या आम्लेटवर ओतला तरी काम होतं, आणि रस्सा रात्रभर मुरलेला असल्यामुळे बरेचदा जास्त चांगलं होतं. अडचण एकच, रस्सा उरत नाही. तेव्हा रविवारी पानं घेण्याआधीच एक मोठी वाटी काढून, झाकून, फ्रीजमध्ये कारल्याच्या भाजीच्या मागे ठेवून द्यावी. तिथे कुणी बघत नाही.