आरसा घासणे, नोंद ४ : २२० वर परत

मंडळी, दुर्बिणीसाठी सहा इंची आरसा, एफ ८ (म्हणजे फोकसचं अंतर व्यासाच्या आठपट). खळगा मध्यावर जेमतेम १.१९ मि.मी. हवा होता, तो ८० नंबरच्या घासायच्या पुडीनेच मिळाला (नंबर वाढेल तशी पूड बारीक). १२० आणि २२० सुरळीत गेलं. परवा ३२० ची पूड तिसऱ्यांदा टाकली आणि टूलखाली, म्हणजे आरशावर घासायच्या चकतीखाली, खर्रर्र झालं. काच धुऊन बल्बसमोर तिरकी धरली, तर कडेपासून दोन बोटं आत लांबलचक चरा. बादली बदलली होती, पाणी बदललं होतं. फडकं मात्र तेच, आधीच्या जाड पुडीचं.

वैतागून स्पिनोझा उघडला, सतराव्या शतकातला डच तत्त्वज्ञ. हा बाबा भिंगं घासायचा, एवढ्याच ओढीने मी ‘एथिक्स’ हातात घेतलं होतं. १६५६ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, ॲमस्टरडॅमच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केलं. पुढे रेइन्सबर्ग, फोरबर्ग, हेग अशी बिऱ्हाडं, आणि जाईल तिथे काच. शनीचं कडं ओळखणारा हायगेन्स त्याच्या भिंगांच्या पॉलिशचं कौतुक करायचा. हायगेन्सने घासायला यंत्र केलं, तेव्हा १६६५ च्या एका पत्रात स्पिनोझा लिहितो की गोलाकार साच्यात यंत्रापेक्षा मोकळा हातच जास्त भरवशाचा. मोटर लावायची की नाही यावर आपण अजून भांडतोय!

पुस्तक मात्र सोपं नाही. भूमितीसारखी रचना: व्याख्या, स्वयंसिद्ध तत्त्वं, मग विधानं. मी आगाऊपणा करून थेट तिसऱ्या भागात, भावनांच्या प्रकरणात शिरलो. सहावं विधान वाचायला गोड आहे: प्रत्येक वस्तू, तिच्यात बळ असेल तितकं, आपलं अस्तित्व टिकवायला धडपडते. पण सिद्धता वाचायला गेलो, तर ती धाडते पहिल्या भागातल्या २५ आणि ३४ कडे. ती दोन्ही मी वगळलेली. ईश्वर आणि निसर्ग एकच, हे तिथून सावकाश चढत आल्याशिवाय ही ‘धडपड’ म्हणजे नुसतं सुविचाराचं कॅलेंडर वाटतं. आता पहिला भाग पहिल्या व्याख्येपासून. ३६ विधानं आहेत, रोज एक.

१६७७ मध्ये हेगला तो छातीच्या विकाराने गेला, वय ४४. काचेच्या धुळीनेही हातभार लावला असावा, असं बरेच जण म्हणतात. आपण ओलं घासतो ते बरंच. पण वाळलेलं टूल फुंकून साफ करू नका, मी कालपर्यंत तेच करत होतो.

रविवारी चरा घालवायला २२० पुन्हा. फडकी चार घेतलीत, प्रत्येकावर मार्करने नंबर.