तुम्ही विचारलंत म्हणून: मी गाणं नुसतं का ऐकत नाही

"अहो, गाणं गाण्यासारखं ऐका की. दर वेळी गुलामगिरी आणि वंशभेद कशाला काढता?" शिकागोत आल्यापासून आपल्याच मंडळींनी हे इतक्यांदा विचारलंय की आता एकदा नीट उत्तर देतो.

इतिहास मी काढत नाही, तो आवाजातच असतो. 1941 साली मडी वॉटर्स हा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत, गाणारा गायक मिसिसिपीतल्या स्टोव्हॉलच्या मळ्यावर राबत होता. लायब्ररी ऑफ काँग्रेस या अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयासाठी आलेल्या लोकांनी तिथेच त्याचं 'आय बीज ट्रबल्ड' ध्वनिमुद्रित केलं. साथीला साधी गिटार. 1943 मध्ये तो मळा सोडून शिकागोला आला. 1948 मध्ये तेच गाणं 'आय कान्ट बी सॅटिसफाइड' म्हणून निघालं, तेव्हा हातात इलेक्ट्रिक गिटार होती. मजुरांनी गच्च भरलेल्या बारमध्ये साधी गिटार कुणाला ऐकू जाणार? 1910 ते 1970 या काळात सुमारे 60 लाख कृष्णवर्णीयांनी अमेरिकेतली दक्षिणेकडची राज्यं सोडली. गिटारचा तो बदललेला सूर त्यांच्याबरोबरच शहरात आला.

एका दिवाळीत परिचितांकडे फराळाला जमलो होतो. मी ही दोन्ही रेकॉर्डिंग लागोपाठ लावली आणि मधल्या सात वर्षांबद्दल सांगू लागलो. यजमानांनी आवाज बारीक केला. म्हणाले, "आपण इथे नोकरीसाठी आलो. त्यांच्या भांडणाशी आपला काय संबंध?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "1965 चा इमिग्रेशन कायदा नागरी हक्कांच्या चळवळीनेच तयार केलेल्या वातावरणात झाला. त्याआधी भारताचा कोटा होता वर्षाला 100 माणसांचा. त्यांच्या भांडणातूनच आपल्याला दार उघडलं."

"आम्ही मेरिटवर आलो."

"मेरिट 1960 मध्येही होतंच की आपल्याकडे!"

कुणी काही बोललं नाही. वहिनींनी चकल्यांची ताटली माझ्यासमोरून उचलली आणि पलीकडे नेऊन ठेवली. त्या घरून पुन्हा फोन आला नाही. मी या देशात पहिल्यांदा उतरलो तेव्हा विमानतळावर घ्यायला तेच आले होते, म्हणून हे अजून लागतं. तरी बोललो ते खरंच होतं, आणि पुन्हा वेळ आली तर तेच बोलेन.

सोलापुरात कॉलेजला असताना मी रोलिंग स्टोन्सच्या कॅसेट झिजेपर्यंत ऐकल्या. त्या बँडचं नाव मडी वॉटर्सच्या 1950 च्या एका गाण्यावरून आलंय, याचा पत्ताही नव्हता. तो पोरगा आज समोर आला तर म्हणेल, "मला काय कमी मिळालं? अंगावर काटा तर येत होताच." त्याचं हे म्हणणं मला खोडता येत नाही. शिवाय त्या बारमधले मजूर तरी कुठे इतिहास ऐकायला येत होते? दिवसभर राबून ते नाचायला यायचे, आणि मडी वॉटर्सलाही ते नाचायलाच हवे होते.

पण ते का राबत होते आणि कुठून आले होते, हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं. आपल्याला सांगावं लागतं. ती दोन रेकॉर्डिंग एकापाठोपाठ एक ऐका आणि मग मला 'नुसतं ऐका' म्हणा. तेव्हाही मी वाद घालेनच.