शेवटचं प्रकरण लगेच वाचायचं नाही

सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी लायब्ररीच्या तासाला प्रत्येकाला दोन पुस्तकं घरी न्यायला मिळायची आणि माझी दोन्ही आधीच ठरलेली असायची, एक भुताचं आणि एक खुनाचं. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा बॅचच्या ग्रुपवर मेसेज आला तेव्हा सहली, बक्षिसं, गॅदरिंग यातलं काहीच आठवलं नाही. आठवलं ते लायब्ररीतलं करकरणारं लोखंडी कपाट आणि बाईंचं वाक्य, "शेवटचं प्रकरण लगेच वाचायचं नाही हं."

रहस्यकथा न्यायची तर बाईंचा हा नियम होता. शेवटच्या प्रकरणाआधी थांबायचं, खुनी कोण ते कागदावर लिहायचं, कशावरून ते पण लिहायचं, मगच पुढे वाचायचं, आणि पुस्तक परत देताना चिठ्ठी आत ठेवायची. नुसतं नाव लिहिलेलं चालायचं नाही. आता त्या वयात शेवटच्या पंधरा-वीस पानांपाशी थांबणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच माहीत, मी पुस्तक मिटून घरभर फिरायचे, परत येऊन मागची पानं उलटायचे, घड्याळ कितीला बंद पडलं होतं, पत्र आधी कोणी उघडलं होतं, आणि एवढं करून बहुतेक वेळा चुकायचेच. शाळा चालू असताना हे जमायचं नाही, रोज एक प्रकरण वाचलं की तिसऱ्या दिवशी कोण कोणाचा पुतण्या तेच विसरायला व्हायचं. त्याला सुट्टीच पाहिजे.

सातवीत एकदा घात झाला. पहिल्या प्रकरणाच्या नावाशेजारी कोणीतरी पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलेलं होतं. अक्षरं गेली होती पण कागदावर दाब राहिला होता, पान दिव्यासमोर तिरकं धरलं की बारीक चर दिसायचे. मी धरलं. "डॉक्टरनेच मारलंय." इतकं रडू आलं की पुस्तक तसंच ठेवून दिलं आणि शाळा उघडल्यावर न वाचता परत केलं. बाईंनी ते पुन्हा माझ्याच हातात दिलं, म्हणाल्या, "खुनी कोण ते कळलंय ना तुला, मग आता लेखकाने त्याला लपवलाय कसा ते शोधून आण."

आणि सापडलं! अर्धं पान नुसतं पावसाचं वर्णन, झाडं, वारा, गळणारं छप्पर, आणि त्यातच मधे एक ओळ, डॉक्टरांचे बूट कोरडे होते. म्हणजे माणूस बाहेरून आलाच नव्हता, तो आधीपासून घरातच होता. पहिल्यांदा वाचताना मी ती ओळ सरळ ओलांडून गेले असते. खूप नंतर कळलं की रोनाल्ड नॉक्स या रहस्यकथा लिहिणाऱ्या पाद्र्याने 1929 साली अशा कथांचे दहा नियम लिहिले होते, त्यातला एक असा की गुप्तहेराला जो धागा सापडतो तो वाचकालाही दाखवलाच पाहिजे. मला तो कोरड्या बुटांनी आधीच शिकवला होता. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी तर हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, इतक्या वेळा वाचकापासून गोष्ट लपवायची आणि दाखवायची पण, हे मला आजही अचाट वाटतं.

भुतांच्या पुस्तकांना चिठ्ठी नव्हती. नारायण धारप मी फक्त दिवसा वाचायचे, म्हणजे ठरवायचे तसं, पण पुस्तक खाली ठेववत नाही आणि संध्याकाळ होतेच, मग रात्री बाथरूमला जाताना ताईला उठवायचं आणि ती चिडायची. पण बाई भुतांबद्दल गोष्टी फार छान सांगायच्या. एका सुट्टीआधी त्यांनी तांबोरा ज्वालामुखीचं सांगितलं होतं. 1815 साली इंडोनेशियात तो फुटला, आणि त्यामुळे 1816 साली युरोपात उन्हाळा धड आलाच नाही, नुसती थंडी आणि पाऊस. जिनिव्हाच्या सरोवराकाठी सुट्टीला आलेली काही मंडळी घरात अडकली, भुताच्या गोष्टी वाचत बसली, आणि कवी बायरन म्हणाला प्रत्येकाने एकेक लिहूया. त्यातल्या अठरा वर्षांच्या मेरीने जी सुरू केली ती फ्रँकेन्स्टाइन, 1818 ला छापून आली. अठरा वर्षं! आम्ही तेव्हा चौदाचे. त्या सुट्टीत आमच्या अख्ख्या बेंचने भुताची गोष्ट लिहून आणली होती आणि बाईंनी प्रत्येक वाचली, माझ्या गोष्टीखाली लाल पेनाने लिहिलं, "भूत लवकर दाखवलंस."

अजूनही सुट्टी मिळाली की मी दोनच पुस्तकं घेते आणि रहस्यकथेत शेवटच्या प्रकरणापाशी थांबून कागद शोधते. मागच्या सुट्टीत लिहिलं होतं, नर्स, कारण औषधांच्या कपाटाची किल्ली फक्त तिच्याकडे होती. नर्स नव्हती. चिठ्ठी पुस्तकातच ठेवलीय.