तुम्ही विचारलंत म्हणून: परदेशात गाडी घ्यावी की रेल्वेनं फिरावं?

"ताई, रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस, मग स्वित्झर्लंड आणि शेवटी पॅरिस. गाडी घेऊ का रेल्वेनं जाऊ?" उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की हा प्रश्न मला बँकेच्या काउंटरवर येतो, लग्नाच्या पंगतीत येतो, एकदा तर दवाखान्यात नंबर लावून बसले होते तिथंही आला. गावं थोडी इकडची तिकडे होतात, प्रश्न तोच. वरच्या यादीपुरतं माझं उत्तर एका शब्दाचं आहे: रेल्वे. पण तेवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही, म्हणून जरा बसून लिहिते.

बीडच्या माणसाला आधी गाडीच सुचते, त्यात नवल नाही. आपल्या गावात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मुक्तिसंग्राम दिनी. तोवर कुठंही सहकुटुंब निघायचं तर गाडी करायची, हीच रीत. इनोव्हा सांगून ठेवली की पहाटे चारला दारात उभी. ड्रायव्हर ओळखीचा. रस्ता त्याला माहीत, चहा कुठं चांगला मिळतो ते माहीत, टपावर बॅगा कशा बांधायच्या तेही माहीत. तिकडे भाड्याची गाडी म्हणजे नुसती चावी. ड्रायव्हर तुमच्याच घरातला. स्टिअरिंग डावीकडे, गिअर उजव्या हाताला, गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूनं आणि दर थोड्या वेळानं एक गोल चौक. ऑटोमॅटिक गाडी मिळते, पण युरोपात ती कमी असते, महाग पडते आणि आधीच सांगून ठेवावी लागते.

माझा खरा मुद्दा हा चालवणाऱ्याचाच आहे. सगळे जण खर्चाचा हिशोब करतात, या माणसाचा कुणी करत नाही. बाकीचे आल्प्स बघतात, तो पुढच्या ट्रकचा मागचा दिवा बघतो. शेजारी बसलेली बायको मोबाईल धरून रस्ता सांगते आणि चुकलेल्या प्रत्येक वळणाला दोघांचं वाजतं. मुक्कामाला पोचलो की पोरं हुंदडायला मोकळी आणि हा पार्किंग शोधायला. दहाबारा दिवस असे गेले तर घरातला एक माणूस सुट्टीवर गेलाच नाही म्हणायचं. आणि आपल्याकडे तो बहुतेक वेळा तोच असतो, ज्यानं वर्षभर पैसे साठवलेले असतात.

आता पैशाचं बोलू. संकेतस्थळावर दिसणारं भाडं म्हणजे सुरुवात. त्यावर विमा, टोल, पेट्रोल, पार्किंग आणि लहान मूल असेल तर त्याची वेगळी सीट. दीडशे सेंटिमीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला इटलीत सीट किंवा बूस्टर लागतोच. स्वित्झर्लंडच्या महामार्गावर चढायचं तर ४० फ्रँकचा वर्षभराचा स्टिकर. एकच दिवस जाणार असलात तरी पूर्ण वर्षाचाच. चालवणाऱ्याच्या नावावर क्रेडिट कार्ड पाहिजे, कारण अनामत रक्कम त्यावर अडकवून ठेवतात आणि बऱ्याच ठिकाणी डेबिट कार्ड चालत नाही. रोमला उचललेली गाडी पॅरिसला सोडणार असाल, तर दुसऱ्या देशात सोडण्याचा दंडवजा आकार असा लागतो की तेवढ्यात सगळ्यांची रेल्वेची तिकिटं यावीत.

इटलीच्या जुन्या शहरांत आणखी एक भानगड आहे. रोम, फ्लॉरेन्स, सिएना, बोलोन्या, सगळीकडे मधल्या भागात ठरावीक वेळी बाहेरच्या गाड्यांना बंदी असते. तिला झेडटीएल म्हणतात. अडवायला पोलीस नाही, फाटक नाही. लाल कडा असलेला पांढरा गोल फलक आणि वर कॅमेरा. आत गेलात की फोटो निघतो, हॉटेल शोधत त्याच गल्लीतून दुसऱ्यांदा गेलात की दुसरा दंड. गाडीवाली कंपनी तुमचं नाव-पत्ता पोलिसांना कळवते आणि त्या कळवण्याचे पैसे वेगळे कापते. परदेशात राहणाऱ्याला नोटीस पाठवायला तिथल्या कायद्यानं ३६० दिवसांची मुदत आहे. म्हणजे फोटोंचा अल्बम छापून झाला, सगळ्यांना दाखवून झाला, मग पाकीट दारात. हॉटेल त्या भागातलंच असेल तर ते तुमच्या गाडीचा नंबर नोंदवून देऊ शकतं, पण ते आधी विचारावं लागतं.

त्यापेक्षा रेल्वे बघा. रोम ते फ्लॉरेन्स अंतर बीड-पुण्याहून थोडं जास्तच आहे, वेगवान गाडी दीड तासात नेते. फ्लॉरेन्सच्या स्टेशनवर उतरलात की मोठं कॅथेड्रल दहा मिनिटं चालत. व्हेनिसच्या सांता लुचिया स्टेशनच्या पायऱ्या उतरलात की समोर ग्रँड कॅनॉल. गाडीनं गेलात तर ती शहराच्या तोंडाशीच पैसे भरून लावून ठेवायची आणि त्या दिवसांचं भाडंही द्यायचं. व्हेनिसमध्ये गाडीचा उपयोग शून्य.

वेगवान गाड्यांची तिकिटं आपल्या विमानासारखी असतात, तारीख जवळ येईल तशी चढतात. म्हणून व्हिसा लागला, तारखा पक्क्या झाल्या, की लगेच घ्या. साध्या प्रादेशिक गाड्यांचं भाडं मात्र ठरलेलं असतं, त्यांची घाई नको. त्यांचं कागदी तिकीट काढलंत तर चढण्याआधी स्टेशनवरच्या यंत्रात शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड.

स्वित्झर्लंडमध्ये तर मी वादच घालत नाही. तीन, चार, सहा, आठ किंवा पंधरा दिवसांचा पास मिळतो. त्यात रेल्वे, बस, तळ्यातल्या बोटी आणि पाचशेहून जास्त संग्रहालयं येतात. आईबापाकडे पास असेल तर सहा ते पंधरा वर्षांच्या मुलांना फुकट. फक्त फॅमिली कार्ड मागून घ्यायचं. युंगफ्राउयोखसारख्या वरच्या डोंगरी गाड्यांना मात्र पूर्ण माफी नाही, सवलत आहे. आणि झेरमाटला जायचं असेल तर गाडी खाली टेश गावात लावून शेवटी रेल्वेच पकडावी लागते.

मग गाडी कधीच नको का? तसं नाही. यादीत शहरांऐवजी मधला मुलूख असेल, तेव्हा गाडीच. टस्कनीतल्या टेकड्यांवरची गावं, डोलोमाइट्सचे घाट, स्कॉटलंडचा उत्तर भाग, न्यूझीलंडचं दक्षिण बेट. शेवटच्या दोन ठिकाणी गाडी आपल्यासारखी डावीकडूनच चालते, त्यामुळं जीव टांगणीला लागत नाही. आइसलंडमध्ये तर रेल्वेच नाही, तिथं प्रश्नच मिटला.

दुसरी गोष्ट, सासूबाईंचे गुडघे. रेल्वेत सामान स्वतः उचलायचं असतं, हमाल शोधू नका. मोठी बॅग, तीन पायऱ्या, गाडी थांबणार थोडा वेळ. इटलीत फलाट क्रमांकही बऱ्याचदा गाडीच्या दहापंधरा मिनिटं आधीच लागतो, मग सगळ्यांची पळापळ. सोबत सत्तरीचं माणूस असेल तर एका शहरात जास्त रात्री राहा, गावं दोन कमी करा. गाडी घेऊन हा प्रश्न सुटेल असं वाटतं, पण पाच माणसं आणि पाच मोठ्या बॅगा साध्या गाडीत बसतच नाहीत. मोठी घेतली तर ती जुन्या गल्ल्यांत वळत नाही.

बहुतेकांना मी शेवटी असं आखून देते: शहराहून शहर रेल्वेनं आणि मधे दोन-तीन दिवस गाडी. फ्लॉरेन्स बघून झालं की निघायच्या सकाळी गाडी घ्यायची, शक्यतो विमानतळावरून म्हणजे जुन्या शहरात शिरावं लागत नाही. टस्कनी फिरायची, टाकी भरून तिथंच परत द्यायची आणि व्हेनिसची रेल्वे पकडायची. ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, चाकांचासुद्धा. परत देतानाही काढा.

यासाठी आंतरराष्ट्रीय परवाना मात्र इथूनच न्यायचा. आपल्याच आरटीओकडे मिळतो, सारथी या सरकारी संकेतस्थळावरून अर्ज, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. मूळ लायसन सोबत पाहिजेच. आणि आधी लायसनची तारीख बघून घ्या. ते मधेच संपत असेल तर आधी त्याचं नूतनीकरण, मग बाकीचं.